ओवलेली नाणी

आक्काच्या कामाची तारीफ लोक एकाच वाक्यात करत. रफू होऊन आलेला कोट खिडकीच्या उजेडात धरायचा, इकडून बघायचा, तिकडून बघायचा, बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "कुठे होतं तेही कळत नाही हो!" झालं. एवढं बोलून गिऱ्हाईक कोट काखोटीला मारून चालतं व्हायचं. ज्या कामाची सगळी किंमत ते दिसू नये यातच आहे, ते करणाऱ्या माणसाकडे तरी कोण कशाला बघेल?

कपडे धुऊन, वाफेची इस्त्री मारून देणाऱ्या एका जुन्या दुकानाच्या मागच्या खोलीत आक्काचं टेबल होतं. खिडकी एकच, तीही गल्लीतल्या भिंतीकडे तोंड केलेली. दुपारपर्यंत बरा उजेड, पुढे दिवा. शेजारच्या खोलीतून इस्त्रीचा फुस्स् फुस्स् आवाज आणि धुलाईच्या औषधाचा उग्र वास. नव्या बायकांचं त्या वासानं डोकं दुखायचं. आक्काला सुट्टीच्या दिवशी तो वास आला नाही की चुकल्यासारखं व्हायचं. सिगारेटनं जळलेली बाही, कसरीनं खाल्लेली शाल, खिळ्यात अडकून फाटलेली विजार, सगळं तिच्याकडे. तिच्या हाताचं गुपित म्हणाल तर एवढंच, की धागा बाहेरून आणायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, कुणाला दिसणार नाही अशा जागेवरून, एकेक धागा उपसून काढायचा आणि त्यानं भोक विणून बुजवायचं. म्हणजे रंग जुळतो, पोत जुळतो. आपलंच काढून आपल्यालाच लावायचं, असं ती म्हणायची.

वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता आणि आई अंथरुणाला खिळलेली. आक्कानं सुई धरली ती धरलीच. भाऊ शिकला, इंजिनिअर झाला, सरकारी खात्यात साहेब झाला, त्यानं लग्न केलं, घर बांधलं. त्या घरातली जिन्याजवळची खोली आक्काची. "माझ्या घरात तुला काय कमी आहे गं?" असं तो चारचौघांत विचारायचा. चारचौघांत विचारलं की त्या प्रश्नाला उत्तर एकच असतं.

मनानं वाईट नव्हता तो, आणि तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. ह्याला सगळं मार्गी लावायची खोड. कुणाची बदली, कुणाचं दुखणं, कुणाच्या घराचा गळका पाइप, कुणी सांगो न सांगो, हा जाऊन उभा राहणार आणि वर "मी मार्गी लावलं" म्हणून सांगत सुटणार.

आक्काला एक स्थळ आलं होतं. पुस्तकबांधणीचं काम करणारा अबोल माणूस, बोटांना कायम खळ लागलेली. दोनदा दुकानात येऊन गेला. दोन्ही वेळा तोच सदरा घेऊन, आणि दुसऱ्या वेळी त्या सदऱ्याला भोक मुळी नव्हतंच. आक्का मनातल्या मनात तयार होती. मग तो यायचाच बंद झाला. वर्ष उलटून गेल्यावर जेवता जेवता भाऊ म्हणाला, "अगं, ते? ते मी तेव्हाच मार्गी लावलं. आक्काला लग्न करायचं नाही असं कळवून टाकलं. त्याची छाती बरी नव्हती म्हणे. तुझ्याच भल्यासाठी."

तेव्हा भावाची शेवटची परीक्षा बाकी होती आणि त्याची फी आक्काच्या सुईतून निघत होती. आक्कानं ताट संपवलं, भांडी घासली, थोडा वेळ देवासमोर बसली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. देवालाही तिनं काही विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती.

कपडा हातात आला की आधी खिसे बघायचे, हा दुकानाचा नियम. एकदा एका कोटाचे खिसे रिकामे निघाले, पण एक बाजू हाताला किंचित जड लागली. खिशाच्या तळाला फाट होती आणि तिच्यातून काहीतरी घसरून अस्तरात खाली जाऊन बसलं होतं. आक्कानं अस्तर उसवलं. आतून चांदीचा ओबडधोबड तुकडा निघाला. एका बाजूला कुणा राजाचं तोंड, नाक झिजून गेलेलं.

कोटाचा मालक धापा टाकत आला. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं. दोन गल्ल्या सोडून त्याचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं.

"बाई, वाचवलंत! हे सापडेना म्हणून मी बायकोवर आळ घेतला. घरात अबोला चाललाय."

"मग आधी घरी जाऊन कान धरा," आक्का म्हणाली.

"धरतो हो. पण तुम्ही आधी हे बघा." त्यानं भिंग तिच्या हातात दिलं.

आक्कानं आयुष्यभर भिंगातून धागेच बघितले होते. आता पहिल्यांदा एक तोंड दिसलं. राजाच्या कानामागे केसाची एक बट सुटलेली होती आणि ती कोरणाऱ्यानं तशीच सुटू दिली होती.

"किती जुनं असेल?"

"तुमच्या मालकाच्या आजोबांच्या आजोबांनासुद्धा हे जुनंच वाटलं असतं. किती राजे मेले, पण हे आपलं फिरतंय."

तेव्हापासून घरी जाताना आक्का त्या दुकानात डोकवायला लागली. घ्यायचं काही नाही, नुसतं बघायचं. नाणेवालाही दुपारी माशा मारत बसलेला असायचा. त्यालाही ऐकणारं माणूस हवंच होतं.

पुढे रफूचं काम आटत गेलं. फाटलं की टाकायचं, असा काळ आला. एक दिवस मालकानं तिला निरोप दिला आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. जसं काही आता तिला वेळ बघायची गरज पडणार होती! ते घड्याळ भावाच्या बैठकीच्या खोलीत लागलं. आक्का मात्र दुसऱ्याच दिवशी नाणेवाल्याकडे गेली. बाजूला टाकलेलं थोडं होतं, आणि मनात बरेच दिवस घोळत होतं ते तिनं एका दमात सांगून टाकलं.

"मला जुनी नाणी जमवायचीत."

"जमवा की. पण काय जमवणार?"

"नाणीच."

"बाई, हे म्हणजे 'कपडे शिवणार' म्हटल्यासारखं झालं. कोट शिवणार का झबलं?" नाणेवाला खुर्चीत सरसावून बसला. "एक विषय धरावा लागतो. कुणी एकच राजा धरतं, कुणी एकच टांकसाळ, कुणी नुसतं तांबं. माझं एक गिऱ्हाईक आहे, त्याला फक्त हत्ती लागतात. स्वतः काडी पैलवान! पण हत्ती सोडून दुसऱ्या नाण्याला हात लावणार नाही. म्हणून त्याचा संग्रह बघण्यासारखा आहे. दिसेल ते घेत सुटलात तर डबा भरेल, संग्रह व्हायचा नाही."

"मग मी काय धरू?"

"ते मी सांगून कसं चालेल? तुम्हाला काय आवडतं?"

साधा प्रश्न, पण तिला घाम फुटला. घरात भाजी कोणती करायची हे भावाला काय चालतं त्यावरून ठरायचं, पंखा किती जोरात लावायचा हे भावजयीच्या पाठीवरून. आपल्याला काय आवडतं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. "विचार करून सांगते," म्हणून ती उठली.

जेवताना विषय निघालाच, म्हणजे आक्कानंच काढला, आणि काढल्याबरोबर पस्तावली.

"सोन्याची घे," भाऊ म्हणाला. "एकच घे, पण सोन्याचं. राजाचं तोंड ठसठशीत पाहिजे. भाव चढतो त्याचा. मी बघतो, खात्यात एकाचा मेहुणा आहे त्या धंद्यात."

"वन्सं, त्यापेक्षा देवादिकांची घ्या," भावजय वाढता वाढता म्हणाली. "तेवढंच दर्शन."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तुम्हाला तरी कुठे काय कळतं? काल दूध उतू गेलं तेही कळलं नाही, समोर उभे होतात."

आक्का हसली. भाऊ हसला नाही. "आक्का, तू त्यात पडू नकोस. मी मार्गी लावतो," तो म्हणाला आणि ताक मागितलं.

त्यानंतर आक्का रोज नाणेवाल्याकडे जाऊन बसायला लागली. एक विषय मनात धरून बघायचा आणि सोडून द्यायचा. राजे नकोत, कुणाची तरी हुकमत तिला घरातच पुरेशी होती. हत्ती झाले, घोडे झाले, जहाजं झाली. सगळं छानच होतं, पण बघून झालं की झालं. शेवटी तिचं लक्ष गल्ल्याखालच्या एका पत्र्याच्या तबकाकडे गेलं.

"त्यात काय आहे?"

"ते खराब. वाकलेली, तुटलेली, भोक पाडलेली. नव्या पोरांना हाताळायला देतो."

भोक म्हटल्यावर आक्काचा हात आपसूक तिकडे गेला. एक चांदीचं नाणं तिनं उचललं. कडेला गोल आरपार भोक.

"हे कुणी केलं असं?"

"गळ्यात घालायला. जुन्या काळी बायका-पोरं ओवून घालायची. तेव्हाच कुणीतरी भोक पाडलंय. आमच्या धंद्यात भोक पडलं की मेलं ते नाणं." मग त्याला काहीतरी आठवलं. "दोरा आहे का पिशवीत?"

आक्काच्या पिशवीत दोरा नाही असं कधी झालं होतं? नाणेवाल्यानं तो भोकातून ओवला आणि नाणं दिव्यासमोर लोंबतं धरलं. राजा उलटा झाला. मान वर, डोकं खाली, झाडाला टांगल्यासारखा. मग त्यानं दोऱ्याला पीळ देऊन नाणं फिरवलं. मागच्या बाजूला एक बसलेली बाई होती, हातात फांदी धरलेली. ती मात्र सरळ होती.

"बघा. जिनं हे घातलं तिला राजाचं काही पडलं नव्हतं. तिला ही बाई सरळ दिसायला हवी होती. भोक कुठे पाडलं त्यावरून कळतं, कुणाला काय हवं होतं ते."

आक्का ते नाणं बघतच राहिली. राजानं नाणं पाडलं स्वतःच्या तोंडासाठी. आणि कुठल्या तरी घरात कुठल्या तरी बाईनं खिळा घेतला आणि त्याला उलटा टांगला. न बोलता. कुणाला कळलंही नसेल.

"हीच," आक्का म्हणाली. "भोकाची. दुसरी नकोत."

"विचार करा बाई. विकायला गेलात तर कुणी घेणार नाही."

"मला विकायची नाहीत. आयुष्यभर लोकांची भोकं बुजवली, आता मला ती नुसती बघायचीत."

नाणेवाला मोठ्यानं हसला आणि तबक तिच्यापुढे सरकवलं.

तो काळ आक्काचा सगळ्यांत चांगला गेला. एकेक नाणं घरी यायचं. खोलीतल्या खिडकीच्या वरच्या भिंतीत तिनं बारीक खिळे ठोकले होते आणि प्रत्येक नाणं वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून, पूर्वी जसं कुणाच्या गळ्यात लोंबलं असेल तसंच, टांगलं होतं. वारा आला की ती फिरायची. राजे खाली डोकं वर पाय करून गरगरायचे. सकाळी देवाला हात जोडून झाले की आक्का तिकडे बघायची. काही भोकं एका बाजूला ओढल्यासारखी लांबट झालेली असत. ती दोरीनं झिजलेली. म्हणजे किती वर्षं कुणी गळ्यातून काढलं नसेल! एका नाण्याला दोन भोकं होती. पहिलं झिजून झिजून कडेपर्यंत फाटलं होतं, तर त्याच्या शेजारी कुणीतरी दुसरं पाडलं होतं. ते आक्काचं सगळ्यांत लाडकं. फाटलं तरी टाकलं नव्हतं, आणि फाटलेलं लपवलंही नव्हतं.

भाऊ खोलीच्या दारात उभा राहून म्हणायचा, "काय हा बाजार मांडलायस! मासे वाळत घातल्यासारखा." पण आत यायचा नाही.

मग नाण्यांच्या शौकिनांनी एका वाचनालयाच्या दालनात छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नाणेवाल्यानं आक्कासाठी एक टेबल मागून घेतलं. "प्रत्येकानं आपला विषय पाटीवर लिहायचा असतो. तुम्ही काय लिहिणार?"

आता तिला घाम फुटला नाही. "ओवलेली नाणी," ती लगेच म्हणाली.

"वा! आणि खाली तुमचं नाव."

आपलं नाव पाटीवर. रेशनकार्डावर ते भावाच्या नावाखाली होतं, पगाराच्या पाकिटावर नुसतं 'रफू' लिहिलेलं असायचं. आक्का घरी आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते.

प्रदर्शनाच्या आधी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. इस्पितळ मावसबहिणीच्या घराजवळ, म्हणून पट्टी निघेपर्यंत तिकडेच राहायचं ठरलं. बरंच झालं, आक्का म्हणाली, प्रदर्शनात सगळं स्वच्छ दिसेल. जाताना तिनं खोलीचं दार नुसतं लोटून घेतलं. कुलूप त्या खोलीला कधी नव्हतंच.

ती तिकडे असताना नाणेवाल्यानं पाटीचं विचारायला फोन केला, तो भावानं उचलला. प्रदर्शन, टेबल, आक्काचं नाव, तेव्हा कुठे त्याला सगळं कळलं. खात्यातले दोन-तीन लोक, त्या कुणाचा तो मेहुणा, सगळे तिथे येणार होते. आणि तिथे त्याच्या आडनावाखाली भोकं पडलेली नाणी!

पट्टी निघाली. काळा चष्मा लावून आक्का घरी आली. भाऊ दारातच उभा होता, चेहरा लहानपणी पहिला नंबर आल्यावर व्हायचा तसा फुललेला.

"डोळे मीट," तो म्हणाला. "अगं, मीट ना! मीट म्हणतो ना!"

तिला हाताला धरून त्यानं बैठकीच्या खोलीत नेलं. "आता उघड."

भिंतीवर दुकानाच्या मालकानं दिलेलं घड्याळ. त्याच्याखाली मेजावर लाल मखमलीची, काच लावलेली चौकट. तिच्यात नाणी ओळीनं चिकटवलेली, लखलखीत, आजच पाडल्यासारखी. सगळ्या राजांची तोंडं सरळ, सगळे एकाच दिशेला बघणारे. भोक एकालाही नाही.

आक्काला आधी कळलंच नाही. नव्या डोळ्यानं सगळं फार स्वच्छ दिसत होतं, म्हणून तिला वाटलं, डोळ्यातच काही बिघडलंय. ती वाकली, बोट काचेवर ठेवलं. तो कानामागे बट सुटलेला राजा होता. ते पहिलं नाणं नाणेवाल्यानं तिला मागाहून देऊन टाकलं होतं, ते न टांगता उशाशी ठेवलेलं असायचं, कारण त्याला मुळात भोकच नव्हतं. आता ती बट नव्हती. घासताना गेली होती.

"सोनाराकडे रोज खेपा मारत होतो," भाऊ सांगत होता. "नुसतं भोक बुजवायचं तर चांदीचा रंग वेगळा दिसतो म्हणाला. नवी चांदी पांढरी पडते, जुनी काळसर. मग मीच त्याला युक्ती सांगितली. ते एक दोन भोकांचं होतं ना, फाटकं? ते तसंही फुकट गेलेलं. ते वितळवायला सांगितलं आणि त्याचीच चांदी बाकीच्यांत भरली. रंग कसा जुळलाय बघ! तुझ्याकडूनच शिकलोय, आक्का. त्याच कपड्याचा धागा." तो चौकट उजेडात धरून हलवत होता. "आहे का भोक? कुठे होतं तेही कळत नाही!"

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आक्काकडे बघत नव्हती.

"मी नसताना कशाला…" आक्का म्हणाली आणि थांबली.

"अगं, तू असतीस तर करू दिलं असतंस का? म्हणून तर! लोकांत हसं झालं असतं तुझं. तुझ्याच भल्यासाठी."

डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, डोळ्याला चालत नाही. आक्का रडली नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

ती चौकट पिशवीत घालून नाणेवाल्याकडे गेली. त्यानं काच उघडली, एकेका नाण्यावर भिंग धरलं आणि भिंग खाली ठेवलं.

"पुन्हा काढता येईल का, भरलेलं?"

"पाडाल नवं भोक, बाई. पण ते तुम्ही पाडलेलं असेल." त्यानं काच पुन्हा बसवली. "सोनाराचा हात मात्र चांगला आहे."

"हो," आक्का म्हणाली. "मी असते तर मीही असंच केलं असतं. कापडाला."

नाणेवाला म्हणाला, टेबल रद्द करू, मी सांगतो त्यांना तुमचा डोळा दुखतोय. आक्का नको म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी दालनात बऱ्यापैकी माणसं होती. हत्तीवाला काडी पैलवान आपल्या हत्तींपाशी छाती काढून उभा होता. आक्काच्या टेबलावर मखमलीची चौकट आणि भावानं छापून आणलेली पाटी: 'प्राचीन राजांची दुर्मीळ नाणी'. खाली आडनाव मोठ्या अक्षरात, तिच्या नावाचं पहिलं अक्षर बारीक. लोक यायचे, "काय चकाकतायत!" म्हणायचे, पुढे जायचे. एक जाणकार म्हातारा थांबला, वाकून बघितलं, नाक मुरडलं आणि हत्तींकडे गेला.

भाऊ खात्यातल्या लोकांना आणायला फाटकापाशी गेला, तेवढ्यात आक्कानं नाणेवाल्याकडे पेन मागितलं. पाटी उलटी केली. मागची कोरी बाजू वर घेतली आणि आपल्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'विषय: बुजवलेली नाणी. हौसेनं, न विचारता बुजवणारा: धाकटा भाऊ.'

खाली स्वतःचं नाव, पूर्ण. पाटी चौकटीला टेकवून ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिली. आता भाऊ येईल, वाचेल, चारचौघांत त्याचा चेहरा उतरेल. उतरू दे. एकदा तरी उतरू दे.

भाऊ आला. सोबत तिघेचौघे. त्यानं पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याचा चेहरा फुलला.

"बघितलंत?" तो सोबतच्यांना म्हणाला. "आमच्या आक्काचं असं आहे. सगळं श्रेय मला. मी म्हटलं होतं तिला, माझं नाव कशाला, घरातलंच काम! पण ऐकेल तर ना." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "न विचारता केलं हे मात्र खरं हं. तिला सुखद धक्का द्यायचा होता."

"भाग्यवान आहात, बाई," एक जण म्हणाला. "असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

आक्का हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नाणेवाला तोंड फिरवून कुणाच्या तरी तांब्याच्या नाण्यांकडे बघत राहिला. भावानं दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पाटी वाचून दाखवली.

घरी आल्यावर आक्का कपडे न बदलता पलंगावर बसली. खिडकीवरच्या खिळ्यांना रंगीत दोरे तसेच लोंबत होते, रिकामे. भावजय पाणी घेऊन आली, पेला दिला, पण गेली नाही.

"वन्सं, ती पाटी त्यांना कळली नाही."

"कळलं मला."

"मला कळली." ती दाराकडे बघून हळू बोलली. "मी सांगत होते त्यांना, नका करू म्हणून. जास्त बोलले असते तर…" तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "सांगू का त्यांना आता, काय लिहिलं होतं त्याचा अर्थ?"

आक्कानं विचार केला. सांगून काय होईल? तो दुखावेल. दोन दिवस जेवणार नाही. मग आक्कालाच त्याची समजूत काढावी लागेल, आणि शेवटी तीच म्हणेल, जाऊ दे, माझंच चुकलं. सगळं तिला आधीच दिसत होतं, नव्या डोळ्यानं नाही तर जुन्याच.

"नको," ती म्हणाली.

तेवढ्यात भाऊ आत डोकावला. अजून प्रदर्शनाच्या आनंदातच होता. भिंतीकडे बघून त्यानं जीभ टाळ्याला लावली. "चक्! किती खिळे ठोकलेस गं! आता नाणी चौकटीत गेली, ह्यांचं काय काम? उद्या काढून टाकतो. भोकं राहतील तेवढी, पण रंगारी येणारच आहे. भोकांत लांबी भरली की भिंत कशी…"

"हात लावायचा नाही."

आवाज मोठा नव्हता. पण भावजयीनं चमकून तिच्याकडे बघितलं.

"अगं, पण…"

"खिळे काढायचे तर मी काढीन. आणि भोकं तशीच राहतील. मी मेल्यावर भर काय भरायचं ते."

भाऊ हसला, मग हसायचा थांबला. "आक्का, चांगल्या दिवशी असं अभद्र काय बोलतेस? डोळ्याचा ताण पडलाय तुला," तो म्हणाला. "आराम कर. रंगाऱ्याचं मी बघतो." आणि निघून गेला.

आक्का उठली. खुर्ची ओढून तिच्यावर चढली, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी. भावजयीनं खुर्ची धरली. आक्कानं एकेक दोरा सोडवला, रिळासारखा बोटाला गुंडाळला आणि पिशवीत टाकला. मग खिळे हलवून हलवून काढायला सुरुवात केली. प्रत्येक खिळ्याबरोबर थोडा चुना खिडकीच्या चौकटीवर पडत होता. बाहेर जिन्यात भाऊ फोनवर बोलत होता, रंगाऱ्याशी. "उद्या सकाळीच ये," तो सांगत होता, "एक खोली आहे, बारीकसंच काम आहे."